उन्हाळ्यातली घसरगाडी

प्रिय वोलोदार,

तुझा सरदार नेझाता काल दुपारी येऊन गेला. गुडघ्यापर्यंत चिखल, दाढीत गवताच्या काड्या आणि तोरा असा, की जणू गादी तुला नव्हे, त्यालाच मिळायची आहे. आल्या आल्या प्यायला क्वास मागितला. यंदा आमचा क्वास फार आंबलाय. पहिल्याच घोटाला त्याचं तोंड वाकडं झालं, पण एवढ्या संन्यासिनींसमोर थुंकणार कुठे? गिळला बिचाऱ्याने. मग ओटाच्या लापशीच्या दोन थाळ्या रिचवल्या आणि कामाचं बोलला. तुझं आणि धाकट्या काकांच्या यारोपोल्कचं ठरलंय म्हणे. दोघांच्या फौजा नदीच्या दोन काठांवर बसून आहेत, रविवारपर्यंत कोणी कोणावर बाण सोडायचा नाही. रविवारी मधल्या कुरणात शपथेसाठी क्रूस आणतील. तिथे मी यायचं, सगळ्यांदेखत तो ओठांना लावायचा आणि सांगायचं, की एकवीस वर्षांपूर्वी आपले बाबा वेलिगोरच्या थोरल्या गादीवर बसले तेव्हा जिवंत होते. मी एवढं म्हटलं की यारोपोल्क त्याच दिवशी शहर सोडणार. नेझाता म्हणाला, "माते, तुमच्या दोन शब्दांचं काम आहे. हजार माणसांची मुंडकी धडावर राहतील." मी येते म्हणाले. येऊन काय बोलणार, ते त्याने विचारलंच नाही. तसलं काही त्याच्या मनातही आलं नाही.

हे भूर्जाच्या सालीवर लिहितेय, म्हणून अक्षर असं कोंबडीने उकरल्यासारखं. मठातलं कातडं पोथ्यांसाठी आहे, आणि सालीचं एक बरं असतं, चटकन जळते. वाचून झालं की चुलीत घाल. नऊ तुकडे आहेत, प्रत्येकावर कोपऱ्यात खुणेच्या रेघा मारल्यात, क्रम चुकवू नकोस. लहानपणी तू गोष्टीचा शेवट आधी विचारायचास. तसं या वेळी करू नकोस.

इथली खबर काय सांगू? सफरचंदं भरपूर धरली होती, पण राखायला माणूस नाही. तुझ्या मदतीला आलेल्या पोलोवेत्सी घोडेस्वारांनी पलीकडचं गाव लुटलं. आपल्या कुंभारणीच्या दोन मुली नेल्या. मोठीचं लग्न शेंगा खुडून झाल्या की होणार होतं. आता कुंभारीण आमच्या धान्याच्या कोठारात बसलेली असते, जेवायला बोलावलं की येते, ऊठ म्हटलं की उठते. कोठारात अशी चाळीसएक माणसं आहेत. मी नेझाताला हे सांगितलं, तर तो म्हणाला, "माते, परक्या फौजेचं असंच असतं. गादी मिळाली की आमचे राजे मुली सोडवून आणतील." तुला हे त्याने सांगितलं असेल असं मला वाटत नाही. म्हणून मी सांगतेय.

गादीची शिडी तुला समजावायची मला गरज नाही. बाबांच्या म्हाताऱ्या तुदोरने तुला मांडीवर घेऊन ती लाकडी चमच्यांनी शिकवली होती, आठवतं? पहिला चमचा थोरले काका, दुसरा बाबा, तिसरा धाकटे काका. पहिला उचलला की दुसरा त्याच्या जागी, दुसरा उचलला की तिसरा. भाऊ संपले की त्यांच्या मुलांची रांग, तीही वडीलकीच्या मानाने. आणि एखादा चमचा गादीपर्यंत पोचायच्या आधीच मोडला, तर त्याच्या मागचे सगळे चमचे चुलीत. त्याच्या मुलांना, नातवांना थोरली गादी कधीच नाही. असल्यांना आपले लोक इझगोय म्हणतात, शिडीवरून पडलेले. तू डोळे मोठे करून विचारलंस, "चुलीत का?" तुदोर म्हणाला, "कारण लेका, राजपुत्र फार आणि गाद्या थोड्या." आई तिथेच सूत काढत बसली होती. ती हसली नाही.

आई का हसली नाही ते तुला कळायचं वय नव्हतं. तिचे वडील तसलेच, शिडीवरून पडलेले. आयुष्यभर ते या चुलतभावाकडून त्या चुलतभावाकडे फिरले, आणि पंगतीत शेवटच्या टोकाला बसले, जिथे मासा पोचेपर्यंत नुसते काटे उरतात. आईने ते ताट पाहिलं होतं. गादी तिला मिरवायला नको होती रे, तुझ्यापुढे ते काटे यायला नको होते. पुढे जे सांगणार आहे ते वाचताना एवढं ध्यानात ठेव. मी तिला खूप दोष देऊन पाहिला, माझ्याच्याने शेवटपर्यंत देववला नाही.

त्या वर्षी जूनमध्ये थोरले काका गेले. त्यांना मूल नव्हतं. पाळी बाबांची. बाबा तेव्हा ओल्शानला अंथरुणावर होते, छातीत पाणी झालं होतं, खोकल्याबरोबर रक्त यायचं. वेलिगोर तीन दिवसांवर, आणि धाकटे काका दुसऱ्या बाजूने तिकडे निघाल्याची बातमी आली. बाबा गादीवर एक दिवस जरी बसले, तरी तुझी पायरी शाबूत राहणार होती. न बसता गेले, तर तू सहाव्या वर्षी इझगोय. बाबा स्वतःच म्हणाले, "मला उचला. मरायचंच आहे तर पोराच्या उपयोगी पडून मरतो." तुदोरने सांगितलं, "बर्फावरची बिनचाकांची घसरगाडी काढा. कुरणातून गवतावरून ओढू. जरा वेळ लागेल, पण हिसका बसणार नाही, धनी पोचतील." आई ताडकन म्हणाली, "भर उन्हात घसरगाडी? लोक टोप्या काढून उभे राहतील. मढं चाललंय म्हणतील. आपण पोचायच्या आत वेलिगोरच्या वेशी बंद." तिचं खोटं नव्हतं. आपल्याकडे बर्फ असो की ऊन, मेलेला माणूस घसरगाडीवरूनच जातो. जिवंत माणूस उन्हाळ्यात तिच्यावर बसला असं कोणी पाहिलेलं नाही. म्हणून चाकांची गाडी जुंपली.

दलदलीवरचा तो ओंडक्यांचा रस्ता तू नंतर कितीदा घोड्यावरून तुडवलास. गाडीतून जाऊन बघ. प्रत्येक ओंडक्याला चाक वर जातं आणि खाली आदळतं. तू मागच्या गाडीत दाईच्या कुशीत होतास, तुला मजा वाटत होती, हिसका बसला की "हुर्र" म्हणून ओरडायचास. बाबा तुझा आवाज ऐकून हसायचे आणि मग उशीत तोंड खुपसायचे. दुसऱ्या दिवशी दुपारी एका खेड्यात बैल बदलायला थांबलो. बाबांनी मला जवळ बोलावलं. म्हणाले, "नेगा, जा ग, कोणाकडे घसरगाडी मिळते का बघ. लोक काय म्हणायचं ते म्हणोत. हाडं सुटी होतायत माझी." मी गेले. तिसऱ्याच घराच्या गोठ्यात होती, चांगली रुंद, वर गवताचा भारा टाकलेला. मी तिच्यावरून हात फिरवला. मागे वळले तर दारात आई. तिने नुसती नकाराची मान हलवली. मी परत आले आणि बाबांना सांगितलं, "गावात घसरगाडी नाही बाबा." ते म्हणाले, "असू दे. या दिवसांत कोण बाहेर काढून ठेवणार?" आणि माझीच समजूत घालत पाठीवर थोपटलं. वोलोदार, मी आयुष्यात खूप प्रार्थना केल्या. त्या थोपटण्याला उत्तर देता येईल अशी एकही मला सापडली नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारच्या सुमाराला आपण वेलिगोरच्या खाली नदीच्या उताराशी पोचलो. गाडी पाण्यातून जाताना चाक दगडावर चढलं आणि आदळलं. बाबा "आई ग" म्हणाले, आणि संपले. समोर टेकडीवर चर्चचे घुमट दिसत होते. अर्ध्या तासाचा रस्ता राहिला होता.

आता हे तू कोणाकडूनच ऐकलेलं नाहीस. आईने त्यांचे डोळे मिटले, कातड्याची टोपी पार भुवयांपर्यंत ओढली आणि तुदोरला म्हणाली, "मागे बस. त्यांना धर." तुदोर रडत होता, एवढा आडदांड माणूस. म्हणाला, "बाईसाहेब, हे देवाच्या दारात..." आई म्हणाली, "देवाशी मी बोलेन. तू माणसांचं बघ." वेशीत सांगितलं की राजांचा घसा बसलाय, बोलवत नाही, उजेड सोसत नाही. आजारी माणसाला उचलतात तसं तुदोर आणि गाडीवान अशा दोघांनी त्यांना हातांवर घेऊन देवळात नेलं. अजून अंग मऊ होतं. गादीवर बसवलं, कमरपट्ट्याने गादीच्या पाठीला बांधलं, वरून तो जमिनीपर्यंत लोळणारा राजझगा टाकला. बिशपांच्या डोळ्यांत मोतीबिंदू, आत धुपाचा धूर. त्यांनी क्रूस पुढे केला, आईने बाबांचं डोकं जरा पुढे लवतं केलं. झालं, बसले बाबा गादीवर. आणि तेवढ्यात मागून गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "अरे, राजा आहे की बुजगावणं? हात तरी हलवू दे!"

आईने तुला पुढे ढकललं. तिच्या मनात काय होतं मला माहीत नाही, कदाचित काहीच नव्हतं, कदाचित मूल पाहून लोक नरमतील एवढंच. तू दोन पायऱ्या चढलास आणि बाबांच्या गुडघ्याशी थांबून वर बघायला लागलास. मी गादीच्या मागे होते, झग्याच्या घोळात, त्यांची पाठ कलू नये म्हणून खांदा लावून उभी. फटीतून तुझा चेहरा दिसत होता. तुझा खालचा ओठ थरथरायला लागला होता. आता हा "बाबा" म्हणून हाक मारणार, उत्तर येणार नाही आणि याला कळणार, हे मला दिसलं. मला कोणी सांगितलं नव्हतं रे. आईने नाही, तुदोरने नाही. झग्याच्या बाह्या बोटांच्या टोकांपर्यंत लांब असतात. मी उजव्या बाहीत हात घातला आणि तुझ्या डोक्यावर ठेवला.

तू ही आठवण सगळ्यांना सांगतोस. नेझातानेही काल मला ऐकवली, जणू मला ठाऊकच नाही: "आमचे राजे स्वतः साक्षीदार आहेत. बापाचा हात डोक्यावर होता, ऊन ऊन, बोटांनी केस कुरवाळले. मेलेल्या माणसाचा हात ऊन असतो का?" तू खोटं बोलत नाहीस हे मला माहीत आहे. हात ऊनच होता. तो माझा होता.

लोक रडले, जयजयकार झाला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आईने जाहीर केलं की राजे गेले. धाकटे काका दोन दिवसांनी पोचले. त्यांना संशय आला, गाडी हाकणाऱ्याच्या तोंडावर काहीतरी दिसलं असेल. त्यांनी क्रूस मागवला. आई, तुदोर, मी, तिघांनी एकामागून एक ओठ लावले. काका माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "पोर पंधरा वर्षांची आहे. एवढी पोर क्रूसावर खोटं बोलणार नाही." माझ्या शब्दावर त्यांनी मानलं, आईच्या नव्हे. पुढच्याच वर्षी मी केस कापून मठात आले. तू रुसलास, सहा महिने मला भेटायला आला नाहीस, म्हणालास, लग्न करायचं नसेल तर नको करूस, पण मला टाकून का गेलीस? तुला टाकून नव्हते गेले. तू जेवताना, झोपताना, पाहुण्यांपुढे त्या हाताची गोष्ट सांगायचास, आणि मला ती ऐकवेना.

आई गेली, तुदोर गेला, गाडीवान गेला, वसंतात गादीवरचे काकाही गेले. आता मी एकटी उरलेय. काकांचा मुलगा म्हणून यारोपोल्क शहरात बसलाय, आणि तू म्हणतोस पाळी तुझी, थोरल्या भावाचा मुलगा तू. बाबा बसले होते असं धरलं तर तुझं बरोबर आहे. यारोपोल्कबद्दल तू काय काय बोलतोस ते इथवर ऐकू येतं. तो सुस्त आहे हे खरं, घोड्यावर चढताना घोड्याचीच दया येते. पण दर मोठ्या उपासाला तो मठात माशांचं पिंप घेऊन येतो, बाकावर बसून धापा टाकतो, आपल्या गुडघ्यांची कागाळी सांगतो आणि निघून जातो. एकवीस वर्षांत त्याने मला त्या दिवसाबद्दल एकदाही विचारलं नाही. आताही त्याने निरोप पाठवला तो एवढाच: "तेव्हा नेगाताई लहान होती, आईच्या धाकात होती. आता तिला कोणाचा धाक नाही. आता ती जे म्हणेल ते मला कबूल." असल्या माणसाला फसवणं किती सोपं आहे, बघ.

आणि मी विचार केला, वोलोदार. तुला सगळं खरं सांगायचं तर हेही सांगायला हवं. आज सकाळपासून सफरचंदं निवडता निवडता मी तेच घोळवत होते. एक खोटं आधीच बोलून झालंय, आणखी एकाने असं काय बुडणार आहे? हजार माणसं वाचतील. कुंभारणीच्या मुली कदाचित परत येतील. तू गादीवर बसशील, आईला वर कुठे असेल तिथे चैन पडेल. मी जवळजवळ ठरवलंच होतं. मग तुझ्याबद्दल विचार करायला लागले. तू शूर आहेस, सढळ हाताचा आहेस, पण तुला वाटतं की देवानेच तुझ्या डोक्यावर हात ठेवलाय, म्हणून तुझं सगळं बरोबर. त्या हाताच्या जोरावर तू परके घोडेस्वार आणलेस. त्याच जोरावर उद्या आणखी आणशील. मी एका रडवेल्या पोराला गप्प करायला हात ठेवला होता, आणि त्यावर एवढी गावं जळणार असतील, तर ते मी आणखी वाढवणार नाही. मी तुझ्यासाठी बाबांशी खोटं बोलले, देवाशी खोटं बोलले. आता माझ्यात ते उरलेलं नाही.

म्हणून हे लिहितेय, रविवारच्या आधी. रविवारी मला क्रूसापुढे उभं केलंत तर मी खरं सांगणार. मग तू आणि तुझे मुलगे इझगोय, तुझे सरदार त्याच कुरणातून तुला सोडून जातील, आणि पोलोवेत्सी आपला मोबदला गावांतून माणसं पकडून वसूल करतील. पण मला कोणी विचारलंच नाही तर मी बोलणार नाही. उद्या यारोपोल्ककडे माणूस पाठव. म्हण, भावाशी लढायचं नाही, तू जगशील तोवर गादी तुझी, तुझ्यामागून माझी किंवा माझ्या मुलांची. तो आनंदाने हो म्हणेल, त्याचे गुडघे तुझे आभार मानतील. शपथ मागणाराच कोणी उरणार नाही, आणि जगाच्या हिशेबी बाबा त्या गादीवर जिवंतच बसलेले राहतील. हा सौदा आहे हे मला कळतं, आणि मठात बसून असले सौदे करणाऱ्या बाईचं वर काय होतं तेही कळतं. ते मी बघून घेईन. कुंभारणीच्या मुली मात्र जाण्याआधी सोडवून पाठव, ती माझी अट आहे. मोठीचं नाव मिलुशा, धाकटीचं झाबावा. शनिवारच्या सांजप्रार्थनेची घंटा मी स्वतः वाजवते, आणि घंटेच्या मनोऱ्यावरून तुझ्या तळाच्या चुलींचा धूर स्पष्ट दिसतो. शनिवारी मी वर चढेन तेव्हा तो दिसू नये, एवढंच मागते. दिसला, तर रविवारी मी येणार आहे.

तुझीच,
नेगा